यंदाच निघालेली सुई

१९ मे १९७४

आज नर्सिंग स्कूलचा अर्ज भरला. सातवी पास, वय अठरा ते पस्तीस, विधवा व परित्यक्ता यांना प्राधान्य, असं छापलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला कशात तरी प्राधान्य मिळालं, तेही हे गेल्यामुळे.

दिराला, म्हणजे शंकरप्पाला, सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास तोंडाशी तसाच राहिला.

"वैनी, लोकांचं हगणं-मुतणं काढायला जानार व्हय तुमी?"

"मग हितं काय करतीया?" मी म्हटलं. "तुमच्या पोरांचं कोण काढतंय?"

जाऊ सुंदरम्मा खाली मान घालून हसली. तिचं हसूसुद्धा नवऱ्याची परवानगी घेऊन येतं. परवानगी नव्हती, म्हणून लगेच गेलं.

शंकरप्पाची अडचण मला माहीत आहे. मागाच्या कारखान्यातून सुताच्या कांड्या तो घरी आणतो आणि मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रहाटावर बसून त्या भरते. मी गेले तर रहाटावर कोण बसणार? अब्रू हा शब्द तो दिवसातून चारदा वापरतो आणि दर वेळी त्याचा अर्थ कांड्या असाच असतो.

हे गेले त्याला येत्या श्रावणात वर्ष होईल. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, आवारात अनवाणी चालताना पायात खिळा घुसला. मालकाने सुट्टी दिली नाही. पुढे जबडा आवळला त्या दिवशी शंकरप्पाने टांगा आणण्यात अख्खी सकाळ घालवली. दवाखान्यातल्या डॉक्टरने "उशीर झाला" म्हणून हात झटकले. या तिघांनी मिळून माझा माणूस घालवला. घरात काही कमी झालं नाही. लागलं त्याच दिवशी मी जखम पुसली, सासूने मठातून आणलेली विभूती काढून दिली, मी ती दाबून भरली आणि धुतलेल्या फडक्याने बांधली. नवव्या दिवशी जबडा आवळला. त्यापुढे बाराव्या दिवशी गेले.

मी शाळा चौथीत सोडली. पुढचं वाचन यांच्यामुळे झालं. कारखान्यातून येताना भज्यांचा कागदसुद्धा ते फेकत नसत, घडी करून खिशातून आणत. तेलकट कागदावर अर्धीच बातमी असायची. उरलेली अर्धी मी मनाची रचून सांगायची आणि ते "असं व्हय" म्हणत ऐकायचे. मी रचते हे त्यांना माहीत होतं. सातवीला बाहेरून बसवलं तेही त्यांनीच.

८ जून

आज मुलाखत झाली. टेबलापलीकडे तीन पुरुष आणि मेट्रन. पहिल्याने विचारलं, वाचायला काय आवडतं. मी म्हटलं, मिळेल ते. त्याला हे उत्तर उद्धट वाटलं असावं, कारण त्याने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने विचारलं, रक्त पाहून चक्कर येते का. मी म्हटलं, बाईला हे विचारताय? तिसरा डॉक्टर होता. त्याने विचारलं, यजमान कशाने गेले.

"धनुर्वाताने."

"जखमेवर काय लावलं होतं?"

"लावायचं ते लावलं होतं."

त्याने पेन ठेवलं, पुन्हा उचललं आणि काहीतरी लिहिलं. चांगल्या दोन ओळी लिहिल्या. माझ्या नवऱ्याच्या मरणाशी याचा काय संबंध? पण शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखात हात घातल्याशिवाय आपण डॉक्टर आहोत असं वाटत नाही.

तरी निवड झाली.

पालकाची सही हवी होती. शंकरप्पाने कागद उलटा ठेवला आणि वर तांब्या ठेवला. सासू उठली, तांब्या उचलला, शाईत अंगठा बुडवून उमटवला. साऱ्या आयुष्यात म्हातारीने इतक्या झटक्यात काही केलेलं मी पाहिलं नाही.

"जा," ती म्हणाली. "समदं शीक. काय एक सोडू नगंस."

मला घालवायची एवढी घाई. खाणारं एक तोंड कमी होणार ना.

१ जुलै

हॉस्टेल. एका खोलीत सहा लोखंडी खाटा. पाचांवर पोरी, सहावीवर मी. पोरी सगळ्या सतरा-अठराच्या. मला पहिल्या दिवशी "मावशी" म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी म्हणायचं असेल तर केरसुणी आधी तुमच्या हातात देईन. तेव्हापासून "बाई" म्हणतात.

शेजारच्या खाटेवर वच्छला नावाची पोरगी आहे, माढ्याकडची. ज्वारीच्या रानातून उचलून आणल्यासारखी. आल्यापासून रडते. आईची आठवण आली की रडते, कुणी चांगलं बोललं की रडते, आज वरणात मीठ जास्त झालं म्हणून रडली. आणि खोटं म्हणून बोलता येत नाही. मेट्रनने विचारलं, दिवा कोणी चालू ठेवला, तर ही उभी राहून म्हणाली, "मी न्हाई, शिवम्माबाईंनी, वाचत हुत्या." मेट्रनने मला सुनावलं. खोलीत आल्यावर ही पुन्हा रडली. "इचारलं म्हून सांगितलं की, बाई." अशा पोरीला रोगी सांभाळायला देणार!

गणवेश पांढरा. आमच्या गल्लीतल्या बजाबाईने निघताना डोळ्याला पदर लावून म्हटलं होतं, "आता जलमभर पांढरंच की गं तुझ्या नशिबी." मी म्हटलं, इस्त्रीचं आहे, तुझ्या नशिबी तेही नाही.

२० जुलै

आम्हाला शिकवणारी पाटोळे सिस्टर. उंच, काळी, आवाज हळू. हळू बोलणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. तीन आठवडे तिने फक्त दोन गोष्टी शिकवल्या, चादर ताणणे आणि हात धुणे. हात धुण्याला अकरा पायऱ्या. माझी सासू आयुष्यभर एका तांब्यात हात धुते आणि पाच मुलं वाढवून बसली. त्यातली तीन गेली ही गोष्ट वेगळी.

आज वॉर्डात जाताना सिस्टरने मला थांबवलं. मी सकाळी अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावते. लहानपणापासून लावते.

"कपाळाला असू दे," ती म्हणाली. "पण लावलेली बोटं धुऊन ये. ड्रेसिंगच्या ट्रेला हात लावायचाय."

"ही घाण नाही, सिस्टर."

"मी घाण म्हटलं नाही. धू म्हटलं."

धुतले. अकरा पायऱ्यांनी धुतले, तिच्यासमोर, सावकाश, तिचा वेळ जाईल असे. ती घड्याळ न बघता उभी राहिली. हिला आमच्यातलं काय कळतं!

काम जमतं आहे. भांडं द्यायचं, काढायचं, पुसायचं. पोरी नाक दाबतात. मी बारा दिवस एका माणसाचं सगळं केलं आहे. मला आता कशाचा वास येत नाही.

१२ सप्टेंबर

सिस्टरने आज धनुर्वात शिकवला. आधी विचारलं, "घरी जखमेवर काय लावतात? खरं सांगा, मी हसणार नाही."

पोरींना तेवढंच पाहिजे होतं. एक म्हणाली, हळद-चुना. एक म्हणाली, तंबाखू. वच्छला म्हणाली, "आमच्यात चुलीतली राख. आजीनं माज्या भावाच्या नाळंवर बी लावली हुती."

"मग?"

"आठव्या दिशी गेला की." आणि रडायला लागली.

मग सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमच्यात काही लावत नाहीत."

जंतू मातीत असतात, शेणात असतात, गोवरीच्या राखेत असतात. वर्षानुवर्षं मरत नाहीत. खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे, वाढतात. होऊ नये म्हणून इंजेक्शन आहे. तीस वर्षांपासून आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

सगळं उतरवून घेतलं. अक्षर चांगलं आलं आहे.

१३ सप्टेंबर

वॉर्डात सोळा खाटा. सोळाही चादरी बदलल्या. विशेष काही नाही.

२२ सप्टेंबर

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

शिकलेली माणसं पुस्तकात वाचतात ते खरं मानतात, स्वतःच्या डोक्याने बघत नाहीत. जी वस्तू जळून राख झाली तिच्यात जीव राहील कसा? आज सिस्टरला एकटी गाठून हेच विचारलं. मला वाटलं होतं, गप्प बसेल.

"गोवरी पेटते, पण सगळी सारखी जळत नाही," ती म्हणाली. "आतला भाग कच्चा राहतो. आणि राख ठेवतात कुठे? कोनाड्यात, उघडी. येता-जाता हात घालतात."

"आणि विभूती? ती तर चाळून, गोळे करून, पुन्हा भाजतात."

तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

"तिचंही सांगता येत नाही. पण खिळा पायात गेला तर खिळ्यानेच जंतू आत गेले असतील. नंतर काय लावलं त्याने झालं की आधीच झालं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही, शिवम्मा. डॉक्टरलाही नाही."

मी खिळा हा शब्द काढलाच नव्हता. म्हणजे हिने माझा अर्ज वाचला आहे, त्या डॉक्टरच्या दोन ओळींसकट. दुसऱ्याचे कागद वाचणारी बाई.

सांगता येत नाही म्हणे. दोन वर्षांचा कोर्स, भिंतीवर हाडांचा सापळा, आणि शेवटी सांगता येत नाही.

कपाळाला लावायची विभूती संपली आहे. पुन्हा मागवली नाही. आळस.

५ ऑक्टोबर

तीन महिन्यांची परीक्षा. जी नापास होईल तिचा बिछाना बांधायचा. पाच प्रश्न होते. चार पूर्ण लिहिले. पाचवा धनुर्वाताची कारणं, लक्षणं, प्रतिबंध. वेळ पुरला नाही.

वच्छला म्हणते, "बाई, तुमी तर अर्धा तास आधी पेपर ठिवून गेलासा." दुसऱ्याच्या वेळेवर नजर ठेवायची सवय वाईट.

१४ ऑक्टोबर

पाचवा प्रश्न सक्तीचा होता. त्यात निदान चार गुण हवेत, मला शून्य. सगळ्या वर्गात नापास मी एकटी. वच्छला पास! वच्छलासुद्धा! उद्या सिस्टरने बोलावलं आहे. ट्रंक भरून ठेवली. रहाट कुठे पळून गेलेला नाही.

१५ ऑक्टोबर

सिस्टर माझा पेपर पुढे घेऊन बसली होती.

"चार उत्तरं वर्गात सगळ्यात चांगली आहेत. पाचवं कोरं. मेट्रनची परवानगी घेतली आहे, तोंडी सांग. लक्षणं सांग."

"येत नाहीत."

"सांग."

मग सांगितली. आधी जबडा. वाटतं, थंडीने आखडला. पाणी प्यायला लागलं की ओठातून सांडतं, आणि माणूस हसल्यासारखा दिसतो. तो हसत नसतो. मग मान. मग पाठ, अशी वाकते की अंथरूण आणि पाठ यांच्यातून हात जाईल. घरात ताट पडलं, दार वाजलं, कुणी मोठ्याने हाक मारली, की झटका येतो. म्हणून मी घरातली सगळी भांडी चिंध्यांत गुंडाळून ठेवली होती. शुद्ध शेवटपर्यंत असते. सगळं कळतं. कोण रडतंय तेही कळतं, म्हणून रडायचं नसतं.

"शुद्धीचं पुस्तकात एवढं लिहिलेलं नाही," सिस्टर म्हणाली.

"लिहिणाऱ्याने बारा दिवस पाहिलं नसेल."

"कारणं?"

"खिळा."

"आणि?"

"माती."

"आणि?"

बाहेर कुणीतरी व्हरांड्यातून बादली ओढत नेत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मी थांबले.

"राख," मी म्हटलं. "मठातली. सासूने काढून दिली. मी भरली, बोटाने, आतपर्यंत."

वाटलं होतं आता ही पाठीवरून हात फिरवेल, आणि फिरवला असता तर मी ट्रंक उचलून निघाले असते. तिने फिरवला नाही. पेपरवर आकडा घातला. दहापैकी नऊ.

"एक कशाचा कापला?"

"प्रतिबंध सांगितला नाहीस."

अशी बाई! मी दाराशी गेले तेव्हा म्हणाली, "कालपासून जेवली नाहीस. जेवून घे." हिला कुणी सांगितलं? वच्छलानेच. विचारलं म्हणून सांगितलं असणार.

ट्रंक रिकामी केली.

३ नोव्हेंबर, रविवार

भेटीचा दिवस. दर रविवारी मी पुस्तक घेऊन बसते, माझ्याकडे कोण येणार! आज सासू आली. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी फडक्यात बांधून. शंकरप्पाने सायकलवर बसवून आणलं होतं. चार महिन्यांत पोट सुटलं आहे त्याचं. उजव्या हाताला फडकं.

"काय झालं?"

"काय न्हाई. परवा धोटा उडाला मागावरनं. त्येचं लोखंडी टोक घुसलं जरा."

"सोडा फडकं."

"अव्वानं इभूती भरलीया की. वाळाय लागलंय." त्याने आईकडे बोट केलं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. त्याचं मनगट धरलं आणि ओढत व्हरांड्यातून अपघाताच्या खोलीकडे नेलं. "वैनी, लोकं बगत्यात," तो म्हणत होता. मी म्हटलं, बघू दे, त्यांनाही कांड्या भरायला बसवू. सासू चप्पल फरफटत मागून येत होती.

खोलीत ड्युटीवरची सिस्टर होती आणि हाताशी ट्रे धरायला वच्छला. मी नळ सोडला, साबण घेतला आणि जखम धुवायला लागले. आत बोटभर करडा लगदा होता. शंकरप्पा रेड्यासारखा ओरडला.

"आगं ए, काय करतीस?" सासूने माझा दंड धरला. "इभूती धुतीस? देवाची हाय ती."

"देवाला राग आला तर माझ्यावर येऊ दे, अत्ती. मी हितंच हाय."

धुतली. सगळी निघेपर्यंत धुतली. अकरा पायऱ्या कमी पडल्या.

सिस्टरने सुई भरली. ती बघून शंकरप्पा खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "सुंदरम्माला इचारून येतो." घरात पाणी प्यायलाही बायकोला न विचारणारा हा माणूस. मी त्याला खांद्याला धरून बसवलं. टोचून झालं तरी डोळे मिटूनच होता.

"कसली गं ही सुई?" सासूने विचारलं.

"धनुर्वात होऊ नये म्हणून," मी म्हटलं, आणि बोलून गेल्यावर कळलं की काय बोलले.

म्हातारी भिंतीला टेकली. एकदा ट्रेकडे बघितलं, एकदा नळाकडे. तिचे ओठ हलत होते. मग हळूच म्हणाली, "अशी सुई असती व्हय? म्हंजी तवा आमच्या रेवणप्पाला..."

"नव्हती," मी म्हटलं. "गेल्या साली नव्हती. यंदाच निघाली."

वच्छला ट्रे धरून उभी होती. धनुर्वाताच्या तासाला ती माझ्या शेजारी बसली होती. तीस वर्षं हे तिनेही वहीत उतरवलं आहे, आणि तिला तर आठवायचं कारणही आहे. मी तिच्याकडे बघितलं. आता ही तोंड उघडणार आणि खरं सांगणार, असं मला वाटलं.

"व्हय की, आजी," वच्छला म्हणाली. "आमी आलो तवाच आली ही. जुलै म्हैन्यात. म्हमईवरनं पेटी आलती."

पेटीसुद्धा! डोळ्यात पाणी नाही, काही नाही. ड्युटीवरच्या सिस्टरने आमच्याकडे पाठ केली आणि बाटल्या लावायला लागली.

सासूने आधी वच्छलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. म्हातारीला मोतीबिंदू आहे, तिला माझा चेहरा नीट दिसत नसणार.

"बरं," ती म्हणाली. "गेल्या साली नव्हती."

मग शंकरप्पाची दुमडलेली बाही खाली करायला लागली. तिच्या बोटांना बटण सापडेना. मी पुढे होऊन लावायला गेले तेव्हा, मान वर न करता, माझ्या एकटीला ऐकू येईल असं म्हणाली, "तू बी तसंच समज."

बटण लागलं की नाही ते आठवत नाही. दोघींनी त्याचा हात धरून ठेवला होता.

"सोडा की आता," शंकरप्पा म्हणाला.